काळ, वेग आणि शिफोल

एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली निदान दहा तरी काळ, काम आणि वेग यांत गेली. 'अ' आणि 'ब' अशी दोन गावं, त्यांच्यात अमुक किलोमीटर अंतर, तमुक वेगाने निघालेली आगगाडी, ती कधी पोहोचेल? हे गणित मी फळ्यावर इतक्यांदा सोडवलंय की 'अ' गावचा स्टेशनमास्तर मला एव्हाना चहा पाजायचा. त्या गाडीला कधी सिग्नल लागला नाही, तिची साखळी कुणी ओढली नाही, इंजिन बदलायला ती कुठे थांबली नाही. एका पोराने एकदा विचारलं होतं, "सर, गाडी क्रॉसिंगला थांबली तर?" मी त्याला बाकावर उभं केलं. तो पोरगा आज भेटला तर मी त्याचे पाय धरीन.

कारण मागे एकदा मी स्वतः 'अ' गावाहून 'ब' गावाला गेलो.

आमचा मुलगा लंडनला, हॅरोत असतो. लेक-जावई नेदरलँड्सला, आम्स्टेलवेनमध्ये. एका फेरीत दोन्ही घरी राहून यायचं ठरलं. दोन देशांचे दोन वेगळे व्हिसा लागले. एका फोटोत हसलो म्हणून तो परत आला आणि दुसऱ्यात हसू आवरलं तर ही म्हणाली, "हा चालेल, पण कुणाला दाखवू नका." ते असो. लंडनहून आम्स्टरडॅमला जायचं म्हणजे हिथ्रोहून शिफोल. नकाशावर सरळ रेघ ओढली तर अंतर साधारण ३७० किलोमीटर. मिरजेहून मुंबई गाठायची तर आम्ही रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये पथारी पसरतो आणि सकाळी दादरला डोळे चोळत उतरतो. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर. मी रुमाल झटकावा तसं उत्तर झटकलं.

"२८ मिनिटं," मी म्हणालो. "खरं तर पावणेअठ्ठावीस."

"अहो, पण तिकिटावर काय लिहिलंय?" हिने विचारलं. हिने गणित सातवीनंतर सोडलं असल्यामुळे तिला आधी तिकीट बघायची सवय आहे.

तिकिटावर लिहिलं होतं: हिथ्रोहून सुटणार ९.४०, शिफोलला पोहोचणार १२.००. म्हणजे दोन तास वीस मिनिटं. त्याखाली परतीचं: शिफोलहून सुटणार ९.००, हिथ्रोला पोहोचणार ९.२०. म्हणजे वीस मिनिटं!

ही बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जायला दोन तास वीस मिनिटं आणि यायला वीसच? मग आपण जातानाही येतानाच्याच विमानाने जाऊ या."

आता माझ्यातला शिक्षक गप्प बसता तर तो शिक्षक कसला? मी खुर्चीत सरसावून बसलो. "त्याचं काय आहे, येताना वारा पाठीशी असतो. नावेचं गणित आठवतं? प्रवाहाच्या दिशेने आणि प्रवाहाच्या विरुद्ध..." आणि पाच मिनिटं मी वाऱ्यावर बोललो. शेजारच्या खोलीतून मुलगा आला. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, तिकडचं घड्याळ इथल्यापेक्षा एक तास पुढे आहे. दोन्हीकडे एक तास वीस मिनिटंच लागतात. आणि इथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. म्हणजे तो जाताना पाठीशी असतो, येताना नाही."

थोडक्यात, उत्तर चुकलं आणि रीतही चुकली. शून्य गुण. मी असल्या पोरांना निदान सुवाच्य अक्षराचा अर्धा गुण द्यायचो.

संध्याकाळपर्यंत एका गणिताची चार उत्तरं घरात हिंडू लागली. माझं २८ मिनिटं. तिकिटाचं एक तास वीस. मुलाच्या संगणकावर कुठल्या तरी हिशेबाने निघालेलं पन्नास मिनिटं. आणि हिचं, कणीक भिजवता भिजवता दिलेलं: "अख्खा दिवस. मी पोळ्या करून घेते."

मी हसलो. एक तास वीस मिनिटांच्या प्रवासाला दहा पोळ्या!

रात्री जावयांचा फोन आला. ते माल वाहतुकीच्या धंद्यात आहेत, त्यामुळे वस्तू वेळेवर का पोहोचत नाहीत याचं त्यांना सखोल ज्ञान आहे. मी २८ मिनिटांचा सिद्धान्त मांडला. पलीकडे थोडी शांतता पसरली. सासऱ्याला चूक कसं म्हणावं याचा विचार करताना जावई जशी शांतता पाळतात, तशी.

"बाबा, तुमचं बरोबरच आहे," ते म्हणाले. जावई असंच सुरू करतात. "फक्त विमान कंपन्या वेळ हवेतला धरत नाहीत. विमान उभं असतं तेव्हा त्याच्या चाकांखाली ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हललं की घड्याळ सुरू. पलीकडे जाऊन पुन्हा ठोकळे लावले की बंद. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात."

"म्हणजे घाटात ट्रक थांबला की क्लीनर चाकाखाली दगड सरकवतो, तसं?"

"अगदी तसंच."

"मग दगड ते दगड म्हणा की."

त्या दिवसापासून आमच्या घरी विमानाचा वेळ 'दगड ते दगड' मोजला जातो.

"शिवाय," जावई सांगू लागले, "वेळापत्रकात थोडा वेळ मुळातच जास्तीचा धरलेला असतो. धावपट्टीला रांग, गर्दी, वारा, काहीही होऊ शकतं. जादा वेळ असला की उशिरा निघूनही विमान वेळेवर पोहोचल्यासारखं दिसतं."

फोन स्पीकरवर होता. ओट्याकडून आवाज आला, "म्हणजे ब्लाउजला आत माया सोडतात, तशी."

विमान वाहतुकीचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. आत दुमडलेली चार बोटं माया. अंगाला घट्ट झालं की उसवायची. प्रवासी खूश, कंपनी खूश, आणि "आज दहा मिनिटं लवकर आलो हं!" असं म्हणत उतरणाऱ्याला कळतही नाही की तो लवकर आलेला नाही, त्याला मुळात उशिराचीच वेळ दिली होती. लग्नाच्या पत्रिकेवर जेवणाची वेळ साडेबाराची छापून पंगत दोनला बसवणारे आपण, आपल्याला हा हिशेब अवघड जायला नको. फक्त इथे माया उलट्या बाजूने सोडलेली असते.

"परतीच्या वेळेला तर माया लागतेच," जावई म्हणाले. "हिथ्रोवर उतरायला गर्दी असते. मग बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन अशा चार ठिकाणांवर विमानांना आकाशात गोल गोल फिरवत ठेवतात. एकाखाली एक थर. खालचं सुटलं की वरचं एक थर खाली येतं. आपलं आम्स्टरडॅमहून येणारं विमान बहुतेक लॅम्बोर्नवर फिरतं."

"किती फेऱ्या?"

"ते सांगता येत नाही."

"वडाला तरी सातच असतात," ओट्याकडून आवाज आला.

मी विषय आवरता घेतला. "म्हणजे विमान कधी पोहोचलं म्हणायचं, हेच नक्की नाही."

इथे जावयांचा आवाज खुलला. "बाबा, त्यावर खटला झालाय! थेट युरोपीय न्यायालयात, २०१४ साली निकाल लागला." आणि त्यांनी जी हकिगत सांगितली ती ऐकून मी वही काढली. साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला जाणारं एक विमान. पोहोचायची वेळ दुपारी २.४०. झाला उशीर. चाकं धावपट्टीला टेकली ती ५.३८ला, म्हणजे दोन तास ५८ मिनिटं उशिरा. विमान उभं राहिलं ५.४३ला, म्हणजे तीन तास तीन मिनिटं उशिरा. आणि नियम असा, की तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर भरपाई, या अंतराला २५० युरो. कंपनी म्हणे, चाकं टेकली तेव्हा पोहोचलो. प्रवासी म्हणे, अजून कुठे? पाच मिनिटांचा फरक आणि प्रश्न २५० युरोंचा.

"मग काय ठरलं?"

"दार. विमानाचं एक तरी दार उघडलं आणि लोकांना बाहेर पडायची मुभा मिळाली, की पोहोचलो. तोवर माणूस आत कोंडलेला असतो, स्वतःचं काही काम करू शकत नाही, म्हणून तोवर तो पोहोचलेला नाही."

एवढे मोठे न्यायाधीश, एवढी मोठी पुस्तकं, आणि निष्कर्ष काय? दार उघडेपर्यंत आलो म्हणू नये. आमच्या आजीने हे निकालाशिवाय सांगितलं असतं. ती उंबऱ्यात पाणी आणि भाकरतुकडा ओवाळेपर्यंत कुणालाही 'आला' म्हणत नसे.

"मी येतो तुम्हाला विमानतळावर घ्यायला," जावई म्हणाले.

"छे, छे," मी म्हणालो. "२८ मिनिटांच्या प्रवासाला सुट्टी कशाला टाकता? आम्ही येतो बसने."

या वाक्याची आठवण मला पुढच्या आठवड्यात अधूनमधून करून देण्यात आली.

निघायच्या दिवशी विमान ९.४०चं. मुलगा म्हणाला, "सातला निघू." मी म्हणालो, "साडेपाच." हॅरोहून हिथ्रो वीसेक किलोमीटर. पण गणित आणि भीती या दोन वेगळ्या शाखा आहेत. कागदावर २८ मिनिटं मांडणारा माणूस विमानतळाकडे चार तास आधी का निघतो, याचं उत्तर कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. त्याचं उत्तर आमच्या बालपणात आहे. तेव्हा साडेआठची एसटी पकडायला वडील सगळ्यांना साडेसहाला स्टँडवर नेऊन ट्रंकेवर बसवत आणि मग आठ-पंचवीसला स्वतः चहा प्यायला जात.

पहाटे साडेपाचला आम्ही टॅक्सीत होतो आणि सहा-पंचविसाला विमानतळावर. माझ्या सूत्रानुसार तेवढ्या वेळात आम्ही शिफोलला जाऊन जवळजवळ परत आलो असतो.

सुरक्षा तपासणीला रांग होती. रांगेच्या शेवटी लोणचं होतं. म्हणजे आमचंच. मोठ्या बॅगेत सांडून पैठणीला तेल लागेल म्हणून हिने कैरीच्या लोणच्याची बाटली हातातल्या पिशवीत ठेवली होती. मुलाने बजावलं होतं, शंभर मिलिलिटरच्या वर द्रव पदार्थ हातात नको. २००६ साली द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा एक कट लंडनमध्ये उघडकीला आला, तेव्हा सुरू झालेली ही भानगड आम्ही गेलो त्या वेळी हिथ्रोवर अजून चालू होती. पण हिचं म्हणणं, लोणचं द्रव कुठे आहे?

अधिकारी बाईंनी बाटली उजेडात धरली. "हे काय आहे?"

"मँगो पिकल," मी म्हणालो.

त्यांनी बाटली तिरकी केली. तेल एका बाजूला सावकाश सरकलं. फोडी जागच्या हलल्या नाहीत. बाईंनी पुन्हा दुसऱ्या बाजूला तिरकी केली. पुन्हा तेल सरकलं. विज्ञानाच्या तासाला पदार्थाच्या तीन अवस्था शिकवताना याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

"त्यांना सांगा," ही मला म्हणाली, "वरचं तेल तेवढं द्रव आहे. फोडी घन आहेत."

मी सांगितलं. बाईंना ते पटलंही असावं, कारण त्या हसल्या. पण बाटली परत आली नाही. ती त्यांनी एका निळ्या डब्यात ठेवली. तिथे शाम्पू, अत्तर, कुणाचा तरी जॅम आणि पाण्याच्या अर्ध्या बाटल्या अशी मंडळी आधीच बसली होती. हिचा चेहरा बघवेना.

"जाऊ दे गं," मी म्हणालो.

"जाऊ द्यायचंय का?" ती पुटपुटली. "चार फोडी पोळ्यांच्या डब्यात टाकल्यात मी. माहीत होतं मला."

साडेसात वाजले. विमान ९.४०ला. कुठल्या दारातून सुटणार ते फलकावर अजून लागलेलं नव्हतं. हिथ्रोवर ही एक रीत आहे: दाराचा क्रमांक शेवटच्या घटकेपर्यंत सांगत नाहीत. शेकडो माणसं मान वर करून फलकाकडे बघत उभी असतात. दहावीच्या निकालाचा कागद शाळेच्या भिंतीवर लागायची वाट बघणाऱ्या पोरांसारखी. क्रमांक लागला की तीच माणसं चाकांच्या बॅगा ओढत अशी सुटतात, की मला निकालानंतरची तालुक्याच्या कॉलेजातली प्रवेशाची रांगच आठवली.

वेळ होता म्हणून मी हिला एक गंमत सांगितली. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. तिथे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये जगातलं सगळ्यात लहान नियमित विमान उड्डाण चालतं. १९६७ सालापासून. अंतर सुमारे २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वारा अनुकूल असला तर त्याहून कमी. विक्रम आहे ५३ सेकंदांचा.

"चालत का जात नाहीत?"

"मध्ये समुद्र आहे."

तिने जरा विचार केला. "मग त्या विमानाला विमानतळावर किती आधी जायचं?"

मी फलकाकडे बघत राहिलो.

शेवटी दार कळलं, आम्ही पोहोचलो, आत बसलो. ९.४०ला दार बंद झालं. विमान तिथेच. वैमानिकाने सांगितलं, थोडा वेळ लागेल. ९.५५ला दगड निघाले आणि विमान मागे सरकलं. मग रांग. खिडकीतून पुढच्या विमानांच्या शेपट्या दिसत होत्या, टोलनाक्यावर ट्रक उभे असावेत तशा. १०.२०ला आम्ही उडालो.

आणि उडालो ते पश्चिमेला.

आम्स्टरडॅम पूर्वेला आहे. मी नकाशा पाठ केला होता. कोल्हापूरला निघालेल्या माणसाने मिरजेहून आधी पंढरपूरच्या रस्त्याला लागावं, तसं ते विमान भलतीकडेच निघालं. कारण विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि वारा पश्चिमेचा. हे मला माहीत होतं, आठ दिवसांपूर्वीच मुलाने शिकवलं होतं. तरी वळेपर्यंत मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. माणूस कितीही शिकला तरी उलट दिशेला निघालेल्या वाहनात त्याचा जीव थाऱ्यावर नसतो.

मग विमान वळलं, चढलं, आणि चढून झालं म्हणेस्तोवर उतरू लागलं. इतक्या कमी अंतरात अर्धी वाट चढायला जाते, अर्धी उतरायला. मध्ये पठारच नाही. खंबाटकीचा घाट चढून वर चहा न घेता तसाच खाली उतरावा, तसं. हवाई सुंदरी पाण्याची बाटली आणि बिस्कीट देत आमच्या रांगेशी आली तेव्हा खाली उत्तर समुद्र होता. रिकामी बाटली न्यायला आली तेव्हा समुद्र संपला होता. हवेत बरोबर पंचेचाळीस मिनिटं गेली. माझे २८ जरा बाजूला ठेवू या. वळसे होते, गती कमी-जास्त होती. परीक्षकाने रीत बघून गुण द्यावेत.

शिफोलबद्दल मी हिला आधीच सांगून ठेवलं होतं. तिथे पूर्वी हार्लेमरमेर नावाचं अवाढव्य तळं होतं. डच लोकांनी वाफेचे पंप लावून ते १८५२ सालापर्यंत उपसून कोरडं केलं. आता त्याच तळाशी विमानं उतरतात. खऱ्या अर्थाने विमानाचं तळं. आजही ती जमीन समुद्रसपाटीपेक्षा तीनेक मीटर खाली आहे.

"म्हणजे आपण समुद्राच्याही खाली उतरायचं?"

"हो."

"तरीच वेळ लागतोय."

चाकं टेकली. इथल्या घड्याळात १२.०५. मी हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पाच मिनिटं उशीर, म्हणजे काहीच नाही. मायेत मावला. मी पट्टा सोडणार, इतक्यात विमान वेग न घटवता चालू लागलं. चालतच राहिलं. एक शेत गेलं. दुसरं गेलं. मेंढ्या दिसल्या.

"अहो," ही खिडकीला नाक लावून म्हणाली, "खालून गाड्या चालल्यात."

"आपण जमिनीवर आहोत."

"हो, पण खाली हायवे आहे."

तिचं बरोबर होतं. शिफोलची एक धावपट्टी आहे, पोल्डरबान. २००३ साली सुरू झाली, लांबी ३८०० मीटर. विमानांच्या आवाजाने लोकांची झोपमोड कमी व्हावी म्हणून ती मुख्य इमारतीपासून इतकी लांब बांधली की तिच्यासाठी एक वेगळा नियंत्रण मनोरा उभारावा लागला. आणि तिथून इमारतीकडे येताना विमानाला ए-५ हायवेवरचा पूल ओलांडावा लागतो. आमचं विमान तिथेच उतरलं होतं. खाली ट्रक, वर विमान. पूल ओलांडताना मला वाटलं, आता एखादा हवालदार शिट्टी वाजवून आम्हाला कडेला घेणार.

अठरा मिनिटं आम्ही जमिनीवरून चाललो. हवेत पंचेचाळीस. म्हणजे हवेतल्या वेळेच्या चाळीस टक्के. हे गणित मी वहीत मांडलं. ते बरोबर आलं, आणि त्या दिवशी बरोबर आलेलं ते माझं पहिलं गणित.

१२.२३ला विमान थांबलं. क्षणात सगळे उभे. ज्यांच्यावर सामानाचे कप्पे होते ते माना वाकड्या करून उभे, मधल्या खुर्चीतले अर्धे बसलेले अर्धे उभे, शेवटच्या रांगेतला एक गृहस्थ तर बॅग डोक्यावर घेऊन उभा. युरोपीय न्यायालयाचा निकाल काय लागला हे यातल्या कुणालाच ठाऊक नसावं, पण दार उघडलं म्हणजेच पोहोचलो हे प्रत्येकाला पोटातून माहीत होतं. दार उघडेना. शिडी यायची होती. सात मिनिटं आम्ही सगळे एकमेकांच्या खांद्यांवर श्वास सोडत कोंडून राहिलो. मी त्या निकालाच्या एकेका अक्षराशी सहमत झालो.

मग पासपोर्टची रांग. ब्रिटन आणि युरोपच्या मधली ती सीमा विमानाला दिसत नाही, पण आम्हाला पाऊण तास दिसली. "कशासाठी आलात?" "लेकीकडे." "किती दिवस?" "तिच्यावर आहे." शिक्का. मग बॅगेचा पट्टा. आमची बॅग सगळ्यांत शेवटी, लाजत लाजत आली. मग बसचा थांबा. तो आम्हाला आधी उलट दिशेचा सापडला. आता उलट दिशेची भीती मेली होती, तरी मी विचारून घेतलं. बसने वीसेक मिनिटं. मग चालत दहा. मग डच जिना.

या जिन्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून सांगतो. तो जिना नसतो, ती टेकवून ठेवलेली शिडी असते. पायरीवर अर्धंच पाऊल मावतं आणि पुढची पायरी थेट नाकासमोर येते. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. बॅग मी ओढली असं मी म्हणतो. ती मी ढकलली असं ही म्हणते.

दारापाशी पोहोचलो तेव्हा इथल्या घड्याळात दोन-पस्तीस वाजले होते. मी घंटी वाजवली. आत शांतता. पुन्हा वाजवली. खिशातला फोन थरथरला. लेकीचा निरोप: 'बाबा, तुम्ही बाराला येणार म्हणून सकाळपासून थांबले. आता पिल्लूला शाळेतून आणायला आलेय. पंधरा मिनिटांत पोहोचते.'

पंधरा मिनिटं. लेक माझ्यावर गेली आहे.

आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो. मी वही काढली. साडेपाच ते दोन-पस्तीस, त्यातला घड्याळाचा एक तास वजा. एकूण आठ तास पाच मिनिटं. अंतर ३७०. भागिले. ताशी शेहेचाळीस किलोमीटर.

मी आकड्याकडे बघत बसलो. हा वेग मी ओळखत होतो. हा मिरज डेपोच्या लाल गाडीचा वेग आहे. प्रत्येक फाट्यावर थांबत, कोंबड्या आणि पोती चढवत, वाहकाने दोरी ओढून घंटी दिली की निघत, ती याच वेगाने जाते. आणि तिच्यात लोणचं नेऊ देतात.

"किती आलं?" हिने विचारलं.

"शेहेचाळीस."

"मिनिटं?"

"ताशी."

ती काही म्हणाली नाही. 'मी सांगितलं होतं' असं न म्हणण्याची तिची एक खास पद्धत आहे. तिला फार कमी शब्द लागतात आणि ती फार लांबून ऐकू येते. तिने पिशवीतून डबा काढला, मांडीवर फडकं पसरलं, पोळीची सुरळी केली आणि आत एक फोड ठेवून माझ्या हातात दिली. घन होती. थोडं तेल होतं, पण शंभर मिलिलिटरच्या आत.

तिसरी पोळी चालू असताना खाली दार वाजलं. त्या उभ्या जिन्यावरून कुणीतरी खारीसारखं धडधडत वर आलं. दप्तर पाठीवर, किल्ली गळ्यात, दोन दात पडलेले.

"आजोबा! तुम्ही कधी आलात?"

मी पोळीचा घास गिळला आणि बाजूला सरकून त्याला वाट करून दिली.

"अजून आलो नाही, बाळा. आधी दार उघड, मग सांगतो."